सातशेवीस सेकंदांची थोरली

गुरुवारी दुपारी सव्वातीनच्या सुमाराला मी माझ्या बहिणीपेक्षा बारा मिनिटांनी मोठी झाले. त्याआधी छपन्न वर्षं मी तिच्यापेक्षा बारा मिनिटांनी लहान होते. हे झालं तेव्हा शेजारच्या टेबलावर कुणीतरी पेन्सिलीला टोक काढत होतं, आणि तो आवाजही थांबला नाही. एका जुन्या प्रसूतिगृहाच्या नोंदी नव्या यंत्रणेत आणायचं काम आमच्या ऑफिसकडे आलंय. आमच्याकडे एक टेस्टर आहे, आमच्या कामातल्या चुका शोधणं हेच त्याचं काम, त्याला सगळे शंकासूर म्हणतात आणि मनातून त्याला ते आवडतं. तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, एकाच आईच्या नावावर तासाभरात दोन-दोन जन्म पडलेत. चुकून दोनदा उतरलेत की जुळी आहेत, बघता का जरा?" मी म्हटलं, बघते. यादीत एकोणतीस जोड्या होत्या. सतराव्या जोडीसमोर माझ्या आईचं नाव होतं आणि त्यापुढे आमच्या जुन्या घराचा पत्ता.

कॉम्प्युटरला वार, महिना, सकाळ, संध्याकाळ यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी १९७० सालच्या एक जानेवारीची मध्यरात्र म्हणजे शून्य, आणि तिथून पुढे नुसते सेकंद, एकामागून एक. कुठलाही क्षण म्हणजे एक आकडा. तो उलगडून माणसांच्या भाषेत आणायचा, माणसांची वेळ पुन्हा आकड्यात घालायची, यावर मी तीस वर्षं पोट भरते आहे. लोक माझ्याकडे आकडा घेऊन येतात, मॅडम, हे किती वाजलेत, आणि मी नजरेनेच सांगते, दहा आकडी असला तर सेकंद, तेरा आकडी असला तर सेकंदाचे हजार तुकडे केलेले. एकदा कुणीतरी एकाला दुसरं समजलं आणि एका रुग्णाची पुढची तपासणी पंचावन्न हजाराव्या सालात जाऊन पडली. ज्याची वेळ कुणी लिहिलीच नाही तो शून्यावर जन्मतो, म्हणून आमच्या याद्यांत एक जानेवारीला वाढदिवस असलेली शेकडो माणसं असतात आणि त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी कुणी शुभेच्छा देत नाही. शून्याच्या आधी जन्मलेल्यांच्या आकड्याला पुढे वजाचं चिन्ह. आम्ही दोघी वजाच्या बाजूच्या. शून्य उजाडलं तेव्हा आम्ही तेरा महिन्यांच्या होतो, आणि आई सांगायची की थोरली तेव्हा भिंतीला धरून चालत होती आणि धाकटी तिच्याकडे बघून रडत होती.

त्या दोन ओळींत बाळांना नावं नव्हती. वरच्या ओळीत आकडा होता वजा तीन कोटी सत्तावन्न लाख शहाण्णव हजार चारशे ऐंशी, वजन दीड किलो, शेरा: काचेची पेटी. खालच्या ओळीत वजा तीन कोटी सत्तावन्न लाख सत्याण्णव हजार दोनशे, वजन सव्वादोन किलो, शेरा नाही. दीड किलोची मी. हे मला कुणी सांगायला नको; आमच्या घरी पाहुणे आले की चहाच्या आधी ते दीड किलो यायचं. यादी वेळेप्रमाणे लावलेली होती आणि मी वर होते. वजाबाकी मनातल्या मनात झाली, सातशेवीस, भागिले साठ, बारा. घरात जन्मभर ऐकलेली तीच बारा मिनिटं, फक्त उलट्या बाजूची. आकडे इंग्लंडच्या घड्याळाचे, आमच्याकडच्या घड्याळाचा साडेपाच तासांचा फरक त्यात मिळवायचा होता, पण तो दोघींना सारखाच मिळतो, त्याने कुणी मागेपुढे होत नाही. आकडा उलगडायला मीच लिहिलेली एक छोटी सोय आहे, आकडा टाकला की तारीख आणि वेळ समोर येते. दिवसातून शंभरदा मी ती वापरते. हे दोन आकडे मी त्यात टाकले नाहीत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मी स्वतःला म्हटलं, आणि यादीत त्या जोडीसमोर 'जुळी, दुरुस्ती नको' असं लिहून अठराव्या जोडीकडे गेले.

अठराव्या जोडीकडे गेले खरी, पण काम झालं नाही. बारा मिनिटांत असं काय असतं? असतं. बारा मिनिटांत एका बाईला आई होऊन झालेलं असतं, आणि मग दुसरीच्या वेळी ती थकलेली असते. तिला सगळे थोरली म्हणत आणि मला धाकटी, आणि ही नावं कागदावरच्या नावांपेक्षा घट्ट बसली. शाळेत हजेरी तिची आधी. खिडकीजवळची खाट तिची. आमच्या दोघींत एक सायकल होती, थोरली चालवणार आणि धाकटी मागे बसणार, कारण कुणीतरी मागे बसायलाच हवं. माझं अर्धं बालपण मी तिची पाठ बघण्यात काढलं, तिच्या फ्रॉकच्या पाठीला किती बटणं होती ते मी आजही सांगेन. पाच. मधलं वेगळ्या रंगाचं. आमचे चेहरे इतके सारखे की मामा आम्हाला आरसा म्हणायचा, पण आरशाबाहेरची ती आणि आतली मी, हे त्याने न सांगताच ठरलेलं होतं. तिचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली, ती मोठी होऊन लांब गेली. माझं लग्न झालं नाही, त्याचं मला फारसं काही वाटत नाही, पण तिच्या लग्नात आई जशी रडली तसं आईला माझ्यासाठी रडायची कधी वेळच आली नाही, याचं वाटतं. लोक म्हणतात जुळ्यांची मनं जुळलेली असतात. असतील. माझं तिच्याशी इतकं जुळलेलं आहे की तिला काही चांगलं मिळालं की माझ्या पोटात दुखतं.

आणि ते सव्वीस दिवस. सव्वीस दिवस मी प्रसूतिगृहात काचेच्या पेटीत होते आणि आई थोरलीला घेऊन घरी गेली होती. बावीस लाख सेहेचाळीस हजार चारशे सेकंद. हा हिशोब मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी केला, नव्या पेनाने माणूस आधी स्वतःचं नाव लिहून बघतो तसा. मला त्यातलं काही आठवत नाही, कसं आठवेल, पण काचेच्या दारांची मला अजून चीड आहे आणि ऑफिसातल्या काचेच्या खोलीत मीटिंग असली की मी दाराजवळची खुर्ची धरते. सव्वीस दिवस आई एकट्या तिची होती. आई तिच्याकडे बघत होती, तिच्याशी बोलत होती, तिला शिकत होती. मी घरी आले तेव्हा आई शिकून झाली होती. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, कारण छपन्न वर्षांच्या बाईने असं बोललं तर लोक हसतील, आणि बरोबरच हसतील.

गेली दीड वर्षं आई माझ्याकडे आहे. तिची आठवण विस्कटली आहे. दिवसा तिच्याजवळ एक परिचारिका असते, संध्याकाळी सहाला मी तिच्याकडून आई ताब्यात घेते, रात्री औषध, सकाळी अंघोळ, वेणी, दुपारच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं बशीत झाकून ठेवणं, सगळं माझं. आणि आई मला सिस्टर म्हणते. परिचारिकेलाही सिस्टर आणि मलाही सिस्टर. सुरुवातीला मी तिच्यासमोर बसून, तिचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "आई, मी धाकटी." तिने हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "असली चेष्टा करू नये, सिस्टर." त्यानंतर मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ती मला एकच विचारते, "सिस्टर, कधी सोडणार?" आणि मी रोज उशी सारखी करत तेच उत्तर देते, "बरं वाटलं की." तिला वाटतं ती हॉस्पिटलात आहे आणि तिला घरी जायचंय, असं मी धरून चालले होते. पण दर रविवारी चार वाजता बेल वाजते, थोरली पर्स खांद्याला लावून आत येते, आणि आईचा चेहरा उजळतो. "आलीस थोरली?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं आहे हे. दीड वर्ष जिने उचललं-धुतलं ती सिस्टर, आणि आठवड्याला एक तास येणारी थोरली. त्या तासात दोघी डोक्याला डोकं लावून कुजबुजतात. मी चहा घेऊन गेले की आई बोलायची थांबते. आणि निघताना आई उशीखाली हात घालून काहीतरी काढते, मुठीतून तिच्या मुठीत देते, आणि थोरली ते न बघता पर्समध्ये टाकते. मी दारातून तीनदा पाहिलंय. काय असेल ते मी पुष्कळ कल्पून पाहिलं. आईकडे द्यायला काही उरलेलं नाही, तिची कपाटं मीच आवरली, तरी कुठल्या तरी सांदीत तिने काहीतरी थोरलीसाठी राखून ठेवलं असणार याची मला खात्री होती. एकदा मी थोरलीला विचारलंही, "आई एवढं काय बोलत असते गं तुझ्याशी?" ती चपला घालत म्हणाली, "काही नाही गं. तेच तेच."

म्हणून गुरुवारी संध्याकाळी आईचं जेवण झाल्यावर मी तिला फोन केला. मला तिचा आवाज पडलेला ऐकायचा होता, खोटं कशाला बोला.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "आज आपल्या जन्माची नोंद बघितली. मूळ नोंद. आपण उलट्या आहोत. मी आधीची, तू नंतरची."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती हसली. "बरं झालं बाई. घे तू थोरली. मी दमले होते होऊन होऊन."

"तुला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचंय या वयात? बरं ऐक, या रविवारी मला जमायचं नाही. गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचंय, दोन दिवस जिना चढायचा नाही म्हणालेत. आता तू थोरली ना, तूच बस तिच्याजवळ." मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "नाहीतर आई झोपली असेल तर उठवू नकोस."

मी फोन ठेवला तेव्हा मला तिचा इतका राग आला होता की मी धुतलेला कप पुन्हा धुतला. जी गोष्ट मी जन्मभर तिच्या अंगावर बघितली, हात लावायला मिळाली नाही, ती तिने अशी काढून दिली, जुना स्वेटर द्यावा तशी. इतकी स्वस्तच होती तर जन्मभर का धरून ठेवली होती? दिलेल्या थोरलेपणात काही दम नाही, हिसकावून घेतलेलं असतं तर होता. तरी मी त्या रात्री स्वयंपाकघर आवरताना स्वतःशी दोनदा पुटपुटले, थोरली, थोरली, आवाज कसा वाटतो ते बघायला. शब्द चांगला होता. तोंडात मावत होता.

शुक्रवारी अकरा वाजता शंकासूर माझ्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. तो खुर्ची ओढतो तेव्हा काहीतरी मोठं सापडलेलं असतं.

"मॅडम, रागावू नका. सत्तरच्या आधीच्या सगळ्या नोंदी उलट्या लागल्यात."

"उलट्या म्हणजे?"

"वेळेचा कॉलम आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून आलाय. मग तो शब्दकोशासारखा लावतोय, डावीकडून एकेक अक्षर बघत. शहाण्णव हजार आधी, सत्याण्णव हजार नंतर. वजाचं चिन्ह त्याच्या खिजगणतीत नाही." त्याने कागद पुढे केला. "ही जुळी घ्या उदाहरणाला. दीड किलोची वर आलीय. खरं तर खालची आधीची. वजामध्ये जेवढा आकडा मोठा तेवढं जुनं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

त्याने मान वळवली तिकडे मीही बघितलं. माझ्याच पडद्याच्या कडेला, माझ्याच अक्षरात, तीन वर्षांपूर्वी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी: वजा दिसला की थांबा. नवीन माणूस आला की मी त्याला ती चिठ्ठी दाखवते. शून्याच्या उजवीकडे जास्त म्हणजे नंतर, डावीकडे जास्त म्हणजे आधी, एवढं लक्षात ठेवा बाबांनो, बाकी सगळं विसरा. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. दुरुस्त करते." तो गेल्यावर मी ते दोन आकडे माझ्या सोयीत टाकले. सव्वादोन किलो, रात्री नऊ वाजून पन्नास मिनिटं. दीड किलो, दहा वाजून दोन मिनिटं. आईने सांगितलं होतं तसंच, मिनिटाचा फरक नाही. वाईट वाटलं ते धाकटी ठरल्याचं नाही, ती सवय आहे. गुरुवारी मी ते आकडे का उलगडले नव्हते, ते मला कळलं त्याचं वाटलं. मला माहीत होतं. डोळ्यांना नसेल, हाताला माहीत होतं, म्हणून हात त्या सोयीकडे गेला नाही. तीस वर्षांची नजर, आणि हेव्याने तिला पहिलीतल्या पोरीइतकं आंधळं केलं. थोरलीला फोन करून सांगायला हवं होतं. नाही केला.

रविवारी परिचारिका नसते. सकाळपासून आईचं एकच, "आज थोरली येईल." मी दोनदा सांगितलं, तिचा गुडघा दुखतोय, ती यायची नाही. आईने ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "चार वाजले की सांगा सिस्टर, थोरली येईल." साडेतीनला तिने केस सारखे करून मागितले. पावणेचारला तिची नजर दारावर लागली. मी आतल्या खोलीत गेले, घरातला गाऊन उतरवला, बाहेर जायचे कपडे घातले, केस थोरलीसारखे मागे बांधले आणि पर्स खांद्याला लावली. आरशात ती उभी होती, झोप न झालेली. हे खोटं आहे, मला माहीत होतं. शुक्रवार मध्ये पडला नसता तर निदान मला खरं वाटत असताना केलं असतं. पण आता खऱ्याखोट्याची लाज राहिली नव्हती. मला एकदा तो चेहरा माझ्याकडे बघून उजळलेला हवा होता. दार न लावता मी जिन्यात गेले, चार वाजायची वाट बघत उभी राहिले, आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली. समोरच्या दारातल्या आजोबांनी पेपरावरून पाहिलं. मी त्यांना म्हटलं, बेल बरोबर वाजते का ते बघतेय.

आई उजळली. तेवढ्यासाठीच आले होते आणि ते मिळालं, पूर्ण, माझ्या चेहऱ्यावर. "आलीस थोरली? ये. दार लाव आधी." मी दार लावलं. तिने मला खाटेवर बसवून माझं डोकं जवळ ओढलं. तिच्या केसांना मीच सकाळी लावलेल्या तेलाचा वास येत होता.

"सिस्टर कुठे आहे?" तिने कुजबुजत विचारलं.

"बाहेर गेलीय."

"नक्की?"

"नक्की."

"मग सांग. काढलं का तिला?"

"कुणाला?"

"कुणाला काय, धाकटीला. काचेतून काढलं का?"

ती माझ्या हातावर बोटं आपटत राहिली, उत्तराची वाट बघताना ती तसं करते. मग स्वतःच बोलायला लागली, भरभर, सिस्टर यायच्या आत सगळं सांगून व्हायला हवं तशी. "मी रोज विचारते हिला, कधी सोडणार. ही म्हणते बरं वाटलं की. अगं मला काय धाड भरलीय, मी ठणठणीत आहे. मी तिचं विचारते, ही माझं सांगते. ऐकूच येत नाही हिला. आणि तू म्हणतेस उद्या. दर वेळी उद्याच म्हणतेस. मला घरी पाठवलं आणि तिला ठेवून घेतलं त्यांनी. काचेला हात लावू देत नव्हते. दीड किलो म्हणजे काय असतं, पिशवीतल्या साखरेएवढं. तुला दूध पाजायचे आणि माझे डोळे दाराकडे. तू रडायचीस. मला कळायचं तू का रडतेस, पण मी तिथे नव्हतेच गं, मी त्या काचेपाशी होते."

सव्वीस दिवस. मी बसल्या जागी ते सव्वीस दिवस फिरून मोजले आणि ते वेगळे भरले. आणि तेव्हा, आईच्या इतक्या जवळ, तिचा हात माझ्या हातात असताना, मला धाकटीचा हेवा वाटला. आयुष्यात थोरलीचाही असा वाटला नव्हता. त्या दीड किलोच्या, काचेतल्या, कधीच घरी न येणाऱ्या पोरीसाठी ही बाई छपन्न वर्षं दारात उभी होती, आणि मला ही काल परवा तोंड पुसू देत नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावं, तर वळसा कुणाचा, तिचा की माझा? आई, ती मीच, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते एकदा सांगून झालं होतं, त्याची चेष्टा ठरली होती. आणि आज तर मी थोरली म्हणून आले होते. मी विचारून आल्यासारखं म्हटलं, "बरी आहे ती. वजन वाढतंय."

"खरंच?" आईने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग उशीखाली हात घातला. पेपर नॅपकिनात गुंडाळलेलं काहीतरी तिने मुठीतून माझ्या मुठीत दिलं आणि माझी बोटं वरून दाबून मिटवली. "हे दे तिला. सिस्टरला दाखवू नकोस, ती मोजून देते. आणि वाटेत खाऊन टाकू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे."

बाहेरच्या खोलीत येऊन मी मूठ उघडली. दुपारच्या चहाबरोबर मी बशीत ठेवते त्यातलंच एक बिस्किट, एका कडेला मऊ पडलेलं. मी सोफ्यावर बसले आणि थोरलीला फोन केला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"बसलीस का तिच्याजवळ?"

"बसले. थोरली म्हणून बसले."

"काय म्हणाली?"

"तेच तेच," मी म्हटलं.

"दिलं का बिस्किट?"

"हो. तू काय करायचीस त्यांचं?"

"खायचे," ती म्हणाली. "खाली गाडीत बसून. घरी जाईपर्यंतही दम निघायचा नाही. तुझ्या दारातून बाहेर पडताना दर वेळी ठरवायचे की आज देईन, निदान सांगेन. तुला सांगितलं असतं तर तुझा जीव किती निवला असता, ते काय मला कळत नव्हतं? म्हणूनच नाही सांगितलं. दीड वर्ष येते मी. मला बघून हसते, हात धरते, आणि विचारते तुझं. माझा गुडघा सुजलेला तिच्या मांडीला लागलेला असतो गं. एकदा विचारलं नाही, थोरले, तू कशी आहेस. लहानपणी पण तसंच होतं. धाकटीला सांभाळ. धाकटीला मागे नीट बसव. मला कधी मागे बसायला मिळालं नाही."

मला बटणं आठवली. पाच, मधलं वेगळ्या रंगाचं. ते मीच तोडलं होतं, मागे बसल्या बसल्या, एके दिवशी रागाने, आणि मग दुसरं लावलं गेलं.

"ऐक," मी म्हटलं, "ते आपण उलट्या असल्याचं. चुकलं माझं. वजाचा आकडा उलटा वाचला मी. तूच थोरली आहेस."

"अरेरे," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

फोन ठेवून मी कपडे बदलले, गाऊन घातला, केस सोडले. सहा वाजता चहा केला, बशीत दोन बिस्किटं ठेवली. आत गेले तेव्हा आईचा चेहरा पुन्हा रोजच्यासारखा झाला होता, जरा सावध, परक्या बाईसमोर असावा तसा. तिने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"सिस्टर, कधी सोडणार?"

उशी सारखी करायला गेलेला माझा हात तिथेच राहिला. मी खाटेच्या कडेला बसले. "दोन किलो भरली की," मी म्हटलं.

आईने कप खाली केला. दीड वर्षात प्रथमच ती सिस्टरकडे नीट बघत होती. "आता किती आहे?"

"पावणेदोन झालीय. दूध ओढते चांगलं. रडते मात्र फार."

"रडू दे," आई म्हणाली. "रडणारी जगतात." तिने एक बिस्किट चहात बुडवून खाल्लं, सावकाश, शेवटपर्यंत. दुसरं हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मी उठून खिडकीपाशी गेले, तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, आणि मागे नॅपकिनाचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत वळले नाही.